झाकोपाने येथील एक दिवस
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



परदेशप्रवासाची हकीकत सांगावी अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही पडलो शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. कन्या व जावई नोकरीनिमित्त पोलंडातील क्राकूव्ह शहरी राहतात. त्यांच्यासमवेत झाकोपाने या डोंगरी गावी एक दिवस निवांतपणे घालविला, तेवढेच निवेदन करतो.

हे गाव क्राकूव्हच्या दक्षिणेस सुमारे १०० किलोमीटरवर, तात्रा पर्वताच्या पायथ्याशी आहे. पूर्वी ही मेंढपाळांची वस्ती. वॉर्सा येथील डॉक्टर हाउबिन्स्की यांनी तेथील हवेची कीर्ती पसरविली आणि १८९९ साली आगगाडीही येऊन पोहोचली. सकाळी आम्ही क्रुपुव्की नावाच्या मुख्य पेठेतून रमतगमत हिंडलो. मेंढीच्या दुधाचे, धुरावर धरलेले ओस्त्सिपेक नावाचे चीज तेथे ठायी ठायी विकतात. ते तापवून, आंबटगोड फळांच्या मुरांब्यासह खाल्ले, रुचले. नंतर १९३८ साली सुरू झालेल्या दोरगाडीने गुबाऊव्का टेकडी चढलो. समोर ग्येवोन्त पर्वत दिसतो. त्याच्या आकृतीत लोकांना निजलेला वीर दिसतो, आणि राष्ट्रावर संकट येताच तो जागा होईल अशी त्यांची समजूत आहे.

परंतु आमचे मन गुंतले ते खाली, कोश्चेलिस्का रस्त्यावरील जुन्या लाकडी घरांत. सुताराच्या पोटी जन्मलेल्या माणसाचे डोळे दुसरीकडे कसे जाणार? जाड ओंडके कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत बसविलेले. मधल्या फटींत लाकडाच्या बारीक तंतूंचे पीळ ठासलेले. बर्फ घसरून जावे म्हणून छपरे चांगलीच उतरती. या गावी १८७६ साली लाकूडकामाची शाळा निघाली. तेथे परकी धर्तीची नक्षी शिकवितात, हे चित्रकार व लेखक स्तानिस्वाव वित्क्येविच यांना मानवले नाही. आपल्या डोंगरी सुतारांच्या हाती स्वतःची कला असता उसनी कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी त्या कलेच्या आधारे कोलिबा हा बंगला योजिला. तो १८९३ साली पुरा झाला; आज तेथे संग्रहालय आहे.

एका जुन्या घरात छताची मुख्य तुळई पाहिली. तीवर फुलासारखी नक्षी आणि घर उभारल्याचे साल कोरलेले होते. अशा तुळयांवर मालकाचे, आणि कधी कधी सुताराचेही नाव असते, असे समजले. तेव्हा कन्येने सहज विचारले, "दादा, आजोबांनी उभी केलेली घरे कोणकोणती?"

आम्हांस दोनच सांगता आली. चाळीस वर्षे ज्यांनी वाकस चालविला, त्यांची दोनच घरे! आम्ही मास्तर झालो तेव्हा त्यांनी आनंदाने गावात पेढे वाटले होते. त्यांच्या मागे, बिऱ्हाड हलविताना, त्यांची हत्यारांची पेटी आम्ही मोडीत घातली. त्या तुळईखाली उभे असता ती पेटी डोळ्यांपुढून हलेना. कन्येस मात्र आम्ही काही बोललो नाही.

बंधुभगिनींनो, मुलांनी शिकू नये, पुन्हा रंधाच धरावा, असे आम्ही म्हणत नाही. शिक्षणानेच आपण चार पावले पुढे आलो. मागणी एवढीच आहे. आपल्या वाडवडिलांनी कोणत्या गावी कोणते घर, देऊळ, रथ वा गलबत घडविले, हे घरातील वृद्धांस आजच विचारावे; नाव, गाव व साल लिहून चिटणिसांकडे पाठवावे. पुढील स्मरणिकेची काही पाने त्यासाठी राखावीत, अशी मंडळास विनंती आहे. तुळईवर नाव कोरावयाचे राहिले; निदान कागदावर तरी राहो. आमची दोन घरे आम्ही चिटणिसांकडे लिहून दिली आहेत.