चोपदाराचा दंड आणि वाद्यवृंद



विलायती वाद्यवृंदावर नातेपुत्यात व्याख्यान कशासाठी, अशी शंका कुणाच्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. तिचे उत्तर आपल्याच गावी दरवर्षी पाहावयास मिळते. माउलींची पालखी येथे मुक्कामाला येते. समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि क्षणापूर्वी कल्लोळ करणारे टाळमृदंग एकदम थांबतात. एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असले तर तेवढ्या दिंडीचे टाळ मात्र वाजत राहतात. हे अवधान ज्याने पाहिले, त्याला वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हातातील छडीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

मुंबईस १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. जगभर नावाजलेले संचालक झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. पुढे २००६ साली नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. अशा मैफलीत पुष्कळदा मध्यंतरापूर्वी पियानो कॉन्चेर्टो आणि नंतर सिंफनी असते. कॉन्चेर्टो म्हणजे एका वादकाचा साऱ्या वृंदाशी चाललेला संवाद. त्याचे बहुधा तीन भाग. सिंफनी ही साऱ्या वृंदाची मिळून, बहुधा चार भागांची. टाळ्या प्रत्येक भागानंतर नव्हेत, अगदी शेवटी.

आपल्यापैकी जाणकार म्हणतील, पियानोला मींड नाही, मग त्यात गोडी कसली? आक्षेप खरा आहे. याच कारणास्तव १९४० साली नभोवाणीने आपल्या पेटीला बंदी केली आणि ती तीस वर्षे टिकली. पण पेटीवाचून आपले भजन अडते की नाही? वाद्यात काय नाही हे पाहावे, तसे काय आहे हेही पाहावे. आपल्या गायनात एक स्वर एका वाटेने चालतो. तिकडे अनेक स्वर एकाच वेळी निरनिराळ्या वाटांनी निघतात आणि ठरल्या जागी भेटतात.

२२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात बेथोव्हेनने आपल्या रचनांची मैफल केली. पाचवी व सहावी सिंफनी आणि चौथा पियानो कॉन्चेर्टो लोकांनी प्रथम ऐकला तो त्या संध्याकाळी. थंडीत चार तास मैफल चालली. पियानोवर तो स्वतः बसला होता, आणि त्याचे कान तेव्हाच निकामी होत चालले होते. त्या कॉन्चेर्टोच्या दुसऱ्या भागात तंतुवाद्ये सारी एका सुरात दरडावतात. पियानो एकटा, हळू आवाजात उत्तर देतो. पुन्हा दरडावणे, पुन्हा तेच सौम्य उत्तर. होता होता वृंदाचाच आवाज खाली येतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाने आवाज चढवावा, हा जगाचा रिवाज. याने तो उतरविला.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की ही मैफल ऐकताना राग शोधू नका. पालखीच्या गर्दीत आपण आधी आपल्या गावची दिंडी शोधतो, तसे एक वाद्य कानांनी धरा आणि त्याच्यामागून चला. बाकीची हळूहळू ओळखीची होतील.