गोलंदाजालाही बॅट द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एखादा मुलगा चेंडूही चांगला टाकतो आणि बॅटही चांगली फिरवतो असं दिसलं, की घरातली आणि शाळेतली शहाणी माणसं त्याला एक सल्ला हमखास देतात. 'एकाच गोष्टीकडे लक्ष दे. दोन डगरींवर पाय ठेवशील तर मधल्यामधे पडशील.' सल्ला अगदीच खोटा नाही. पण तो कधी द्यावा आणि कुणाला द्यावा, याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा आणि फटके मारणारा यांच्या वाटा लवकरच वेगळ्या होतात. तिथल्या अमेरिकन लीगने तर १९७३ साली नियमच केला, की चेंडू टाकणाऱ्याऐवजी दुसऱ्याच खेळाडूने बॅटिंग केली तरी चालेल. २०२२पासून हा नियम दोन्ही मोठ्या लीगमध्ये कायमचा लागू झाला. अशा या कप्पेबंद खेळात २०१८ साली जपानहून शोहेई ओतानी नावाचा २३ वर्षांचा खेळाडू एंजल्स संघात आला. त्याला दोन्ही करायचं होतं. मोसमाआधीच्या सराव सामन्यांत त्याचं काही जमलं नाही आणि लोकांनी माना हलवल्या. मग १ एप्रिलला त्याने ओकलंडविरुद्ध चेंडू टाकून सामना जिंकून दिला. ३ एप्रिलला पहिला होमरन मारला. आपल्या भाषेत सणसणीत षटकारच म्हणा. पुढच्या दोन्ही सामन्यांत आणखी एकेक. आणि ८ एप्रिलला पुन्हा चेंडू हातात घेऊन त्याने बारा फलंदाजांना चकवून बाद केलं. म्हणजे सगळा खेळ आठवडाभराचा!

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २०१९च्या मोसमात तो फक्त फटके मारत राहिला. 'बघा, आम्ही सांगत होतो,' म्हणणारे तिथेही होतेच. २०२१मध्ये त्याने दोन्ही बाजू पुन्हा सांभाळल्या आणि एकमताने आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

क्रिकेटची गंमत अशी, की इथे गोलंदाजाला बॅट हातात घ्यावीच लागते, अकराव्या क्रमांकावर का होईना. १९४७च्या डिसेंबरात सिडनीला आपल्या कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी पहिल्याच कसोटीत ५१ धावा केल्या आणि अवघ्या १४ धावांत ३ बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचा डाव १०७ धावांत आटोपला. त्याच दौऱ्यात ॲडलेडला फडकरांनी शतकही ठोकलं.

आता आपल्या दाराशी येऊ. मी एडवणचा. आमच्या किनाऱ्याने उत्तरेला गेलं, केळवे ओलांडलं, की नारळाच्या वाड्यांचं माहीम लागतं. शार्दूल ठाकूर तिथला. आमच्या या पट्ट्यात ओहोटीला ओली वाळू घट्ट झाली, की टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. त्यात 'मी फक्त गोलंदाज' असं कुणी म्हणत नाही. चेंडू टाकणाऱ्याला बॅट हवी असते आणि बॅट धरणाऱ्याला एक तरी षटक हवं असतं. शालेय क्रिकेटमध्ये शार्दूलने एका षटकात सहा षटकार मारले होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे.

अडचण पुढे येते. पालघरहून चर्चगेट सुमारे नव्वद किलोमीटर. डहाणूपर्यंत लोकल धावायला २०१३चा एप्रिल उजाडला. त्याआधी विरारच्या पुढच्यांना शटल, नाहीतर मिळेल ती गाडी. खांद्यावर किटचं ओझं घेऊन जो मुलगा दिवसाचे पाच-सहा तास प्रवासात घालवतो, त्याने उरलेल्या वेळात गोलंदाजीचा सराव करायचा की फलंदाजीचा? 'एकच काहीतरी निवड' हा सल्ला आमच्याकडे खेळाच्या तंत्रातून येत नाही, तो रेल्वेच्या वेळापत्रकातून येतो. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी शार्दूलला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणलं आणि राहायला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्या घराने त्याला सगळ्यात मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे वेळ.

तरी यश काही लगेच आलं नाही. २०१२मध्ये रणजी पदार्पण झालं आणि पहिल्या चार सामन्यांत मिळून बळी मिळाले चार. दोन वर्षांनी, २०१४-१५च्या मोसमात, त्याने ४८ बळी घेतले. ऑक्टोबर २०१८मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पण झालं आणि दहा चेंडू टाकून दुखापतीमुळे मैदान सोडावं लागलं. पुढची कसोटी मिळाली ती जानेवारी २०२१मध्ये, ब्रिस्बेनला. भारत ६ बाद १८६. तिथे तो आणि पदार्पण करणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावांची भागी केली. शार्दूलचं खातं उघडलं ते कमिन्सला मारलेल्या षटकाराने. त्याच्या ६७ धावा त्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ठरल्या, आणि सामन्यात बळी सात. १९८८पासून ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर हरला नव्हता. तो हरला.

आणखी एक आकडा सांगतो. शार्दूलचं पहिलं प्रथम श्रेणी शतक झालं मार्च २०२४मध्ये, तमिळनाडूविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात. मुंबई ७ बाद १०६ असताना तो नवव्या क्रमांकावर आला आणि १०५ चेंडूंत १०९ धावा केल्या. पदार्पणानंतर अकरा वर्षांनी! इतकी वर्षं त्याच्यातला फलंदाज कुणी मारून टाकला नाही, म्हणून हे शतक झालं.

आमच्या तालुक्यांतल्या मुलांच्या अंगात गुण कमी नाही. कमी आहे ते जवळचं मैदान, संध्याकाळी उघडं असलेलं नेट आणि वाट पाहण्याची मोठ्यांची तयारी. दोन गुण जोपासायला दुप्पट सराव लागतो. तो घराजवळ करता आला, तर निवड मुलगा स्वतः करील, आणि योग्य वयात करील. नाहीतर त्याच्या वतीने ती निवड गाडी करते, पैसा करतो.

तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना एवढंच सांगतो. मोसमाच्या सुरुवातीला तुमच्या संघात नवा मुलगा आला आणि त्याने पहिल्या दोन सामन्यांत बळीही घेतले, धावाही केल्या, तर 'तू नक्की कोण?' असं त्याला लगेच विचारू नका. पुढच्या सामन्यात त्याच्या हाती नवा चेंडू द्या, आणि फलंदाजीला एक क्रमांक वर पाठवा.