हप्ता चालू, सायकल बंद : मागचा गिअर घरी बसवताना

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी दिलेल्या माहितीचे शब्दांकन. बैठकीला न आलेल्या सदस्यांनी मागणी केल्यामुळे अंकात देत आहोत.)



आज मी कर्जाबद्दल बोलणार नाही, असं अध्यक्ष ताईंना सांगून आले होते. पण सुरुवात कर्जापासूनच करावी लागतेय.

आपल्याच एका गटातल्या ताईंनी मुलीच्या सायकलसाठी ६,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. मुलगी अकरावीत, कॉलेज ७ किलोमीटरवर, मध्ये एक मोठा चढ. म्हणून जुनी पण गिअरची सायकल घेतली. चार महिने छान चाललं. मग एक दिवस चढावर तिने सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चेन थेट चाकाच्या स्पोकमध्ये घुसली. मागचा गिअर वाकडा झाला. बाजारातल्या दुकानात नेली तर उत्तर मिळालं, "पूर्ण गिअर बदलावा लागेल, ठेवून जा, बघू." तीन चकरा झाल्या. शेवटी सायकल पडवीत उभी राहिली. मुलगी सकाळची एसटी चुकली की घरी. आणि गटाच्या बैठकीत ताई दर महिन्याला हप्ता भरत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हप्ता चालू आहे, सायकल बंद आहे, आणि आता मुलगी म्हणते कॉलेज पण बंद करते."

मला ते लागलं. मी स्वतः क्षेत्रभेटीला गिअरच्या सायकलवर फिरते. माझीही चेन अशीच अडकली होती, आणि ४ किलोमीटर सायकल ढकलत आणली होती. त्यानंतर मी हे काम हळूहळू शिकले. मग त्या ताईंच्या ओट्यावर मी, ताई आणि त्यांची मुलगी, अशा तिघींनी मिळून नवा गिअर बसवला. कसा, तेच आज सांगते. आपल्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली साध्या असतात, त्यांना हे लागू नाही. पण आता घरोघरी गिअरच्या सायकली येतायत.

आधी ओळख करून घेऊ

मागच्या चाकाला लहान-मोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड असते. सगळ्यात मोठी चकती स्पोकच्या बाजूला, सगळ्यात लहान बाहेर. मोठ्या चकतीवर चेन असली की पॅडल हलकं, ते चढासाठी. लहान चकतीवर जड, ते सपाट रस्त्यावर वेगासाठी. चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणारा, खाली लोंबणारा जो भाग असतो, तो मागचा गिअर. दुकानदार त्याला डिरेलर म्हणतात. त्याला दोन छोट्या पुली असतात, एक वर, एक खाली. हँडलच्या उजव्या बाजूचं बटण फिरवलं की वायर ओढली जाते आणि डिरेलर आत सरकतो. वायर सैल सोडली की आतली स्प्रिंग त्याला बाहेर आणते. एवढंच त्याचं काम.

त्याच्यावर दोन लहान स्क्रू शेजारी शेजारी असतात. एकावर इंग्रजी एच, दुसऱ्यावर एल. हे दोन स्क्रू म्हणजे शेताचे दोन बांध. एचच्या बांधामुळे चेन बाहेर फ्रेमकडे पडत नाही, एलच्या बांधामुळे आत स्पोकमध्ये जात नाही. आपल्या मुलीच्या सायकलीचा एलचा बांध फुटला होता.

साहित्य

एलन-कीचा एक संच, एक स्क्रू ड्रायव्हर, चाकाच्या नटासाठी १५ नंबरचा पाना, जुनं फडकं, थोडं तेल. सायकल उलटी करू नका, डावं-उजवं डोक्यात गोंधळतं. आम्ही पडवीच्या वाशाला दोर बांधून सीट त्यात अडकवली, मागचं चाक अधांतरी. पदर, ओढणी खोचून घ्या. चाक फिरत असताना बोटं चेनजवळ न्यायची नाहीत.

बसवायचं कसं

जुना डिरेलर काढताना आधी वायर सोडवा. नवा घेताना चकत्या किती आहेत ते मोजून दुकानात सांगा. आमच्या सायकलीला ७ होत्या.

डिरेलर ज्या पट्टीला लटकतो तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या अंगावर पडली की आधी हँगर वाकतो. मागे बसून डोळा लावून बघा. डिरेलर चाकाला समांतर लोंबायला हवा. वाकडा असेल तर पुढची कितीही मेहनत करा, गिअर नीट लागणार नाहीत. स्वस्त सायकलींमध्ये नव्या डिरेलरबरोबरच ही पट्टी येते आणि ती मागच्या चाकाच्या नटाखाली बसते. आमचं तसंच होतं, म्हणून वाकलेला हँगर आपोआप बदलला गेला. अशा वेळी चाक दोन्ही बाजूंनी मधोमध आहे ना, नट घट्ट आहेत ना, ब्रेक लागतोय ना, हे तपासा. पट्टी फ्रेमचाच भाग असेल तर डिरेलर तिच्यात एलन-कीने बसतो. पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवा. आडवा आटा गेला की भोक खराब होतं.

आता चेन. चेन तोडायचं अवजार घरी नसतं. मग काय करायचं? खालच्या पुलीचा बोल्ट काढायचा, वरचा थोडा सैल करायचा, पिंजऱ्याची पट्टी बाजूला फिरवायची, चेन आत ठेवायची आणि पुन्हा बंद करायचं. चेन वरच्या पुलीच्या पुढून आणि खालच्या पुलीच्या मागून जाते. चुकलं तर पॅडल मारताच चेन घासल्याचा आवाज येतो.

क्रम मोडायचा नाही

आपल्या पंचसूत्रीत जसं बैठक नियमित नसेल तर बचत, कर्ज, परतफेड, हिशोब सगळंच ढिलं पडतं, तसं इथे क्रमाचं आहे.

पहिलं, एच. वायर अजून जोडायची नाही. चेन सगळ्यात लहान चकतीवर येते. मागून बघा, वरची पुली त्या चकतीच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर खाली हवी. एच स्क्रू उजवीकडे फिरवला की पुली आत जाते, डावीकडे फिरवला की बाहेर.

दुसरं, वायर. हँडलवरचं बटण सगळ्यात मोठ्या आकड्यावर न्या, आमच्याकडे ७. वायर जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथे हाताने फिरवायची एक छोटी नळी असते. ती पूर्ण आत फिरवून मग एक फेरा बाहेर काढा. वायर हाताने ताणून तिच्या खाचेत बसवा आणि बोल्ट घट्ट करा.

इथे माझी फजिती झाली. वायर जोडली, बटण फिरवलं, चेन जागची हलेना. मी शहाणपणाने एच आणि एल दोन्ही स्क्रू फिरवत बसले. अर्धा तास गेला, बसवलेलं होतं तेही बिघडलं. मग मुलगी म्हणाली, "ताई, वायर जोडताना बटण १ वर होतं." बरोबर! १ वर म्हणजे बटणाने वायर आधीच ओढून घेतलेली. पुढे सोडली की नुसती सैल. पुन्हा ७ वर नेलं, वायर सोडवून परत जोडली, सगळं पहिल्यापासून केलं. ती चूक तिने पकडली, मी नाही.

तिसरं, एल. एकीने पॅडल हळू फिरवायचं, दुसरीने बटण एकेक करून १ वर न्यायचं. शेवटच्या मोठ्या चकतीकडे जाताना अगदी सावकाश. वरची पुली मोठ्या चकतीच्या बरोबर खाली थांबली पाहिजे. पुढे स्पोककडे जात असेल तर एल उजवीकडे फिरवा. मग डिरेलर हाताने आत ढकलून बघा, तरी चेन पलीकडे पडता कामा नये. चेन मोठ्या चकतीवर चढतच नसेल तर एल थोडा डावीकडे. हा स्क्रू घाईत करायचा नाही. उतारावर किंवा रहदारीत चेन स्पोकमध्ये गेली तर चाक जाम होतं, मुलगी पडते.

चौथं, बारीक जुळणी. आता दोन्ही स्क्रूंना हात नाही, फक्त ती नळी. चेन मोठ्या चकतीकडे जायला आळस करते, तर वायर सैल आहे, नळी डावीकडे पाव फेरा. लहान चकतीकडे उतरायला आळस करते, तर वायर जास्त ताणलेली आहे, नळी उजवीकडे पाव फेरा. एका वेळी पावच, मग फिरवून बघायचं. करकर थांबली की झालं.

वरची पुली मोठ्या चकतीला घासत असेल तर डिरेलरच्या मागच्या बाजूला तिसरा स्क्रू असतो, त्याला बी म्हणतात. तो उजवीकडे फिरवला की दोघांत अंतर पडतं. ५-६ मिलिमीटर पुरे.

एका मावशींनी विचारलं, "काल नीट चालत होती आणि आज बिघडली, मग कुठला स्क्रू फिरवायचा?" कुठलाच नाही, मावशी. एच आणि एल आपोआप सहसा फिरत नाहीत. आधी चिखल पुसा, तेल द्या. वायर गंजली किंवा उसवली आहे का बघा. सायकल उजव्या बाजूला पडली होती का, ते मुलीला न रागावता विचारा. यातच बहुतेक कारण सापडतं. नवी वायर काही दिवसांनी थोडी सैल पडते, तेव्हा नळी पाव-अर्धा फेरा डावीकडे फिरवली की पुन्हा जागेवर येते. आणि सायकल आडवी ठेवायची वेळ आलीच तर डाव्या अंगावर ठेवायची.

ब्रेक लागत नसेल, फ्रेमचा हँगर फार वाकला असेल, किंवा आटे गेले असतील तर मात्र दुकानातच न्या. पण तिथे जाताना काय बिघडलंय ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. "बघू" म्हणून कोणी सायकल ठेवून घेणार नाही.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी सायकल आधी चढावर नेली. मी मागे होते. १ वर टाकताना ती एकदा थांबली, खाली वाकून बघितलं आणि मग निघाली. चेन जागेवर राहिली. आता ती गावातल्या दोन मुलींच्या सायकली बघते. कर्जाचे तीन हप्ते उरलेत, पण ताई आता ते भरताना कुरकुरत नाहीत.

जाता जाता एक विनंती. प्रत्येक ग्रामसंघाने एलन-कीचा संच, पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची बाटली एका डब्यात घालून ठेवावी. डबा कोणी, कधी नेला त्याची नोंद वहीत करावी, जशी आपण बाकी सगळ्याची करतो. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे गिअरची सायकल आहे त्यांनी ती घेऊन या, मुलीलाही आणा. पाना तिच्या हातात द्यायचा, आपण फक्त सीट धरायची.