पान जुनं, नियम नवा



पत्ते म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बावन्न पानांचा कॅट येतो. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. या बावन्न पानांवर मेंढीकोट खेळा, बदाम सात खेळा, पाच-तीन-दोन खेळा, नाहीतर एकमेकांना झब्बू द्या. पानं तीच, खेळ वेगळे. बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून रंगणारा मेंढीकोट आणि मुलुंडला आमच्या इमारतीत गणपतीच्या जागरणाला रंगणारा मेंढीकोट, दोन्हीकडचा कॅट एकच. हुकूम बंद ठेवायचा की पान कापताना ठरवायचा, यावरून होणारी भांडणं मात्र दरवर्षीची!

आज ज्या पत्त्यांविषयी मला बोलायचं आहे, तिथं सारंच उलटं आहे. खेळ एकच, पण पानं सतत नवी. वर्षातून अनेकदा नवा संच बाजारात येतो आणि कधीकधी त्याच्याबरोबर नियमही बदलतात. मी बोलतोय पोकेमॉनच्या पत्त्यांबद्दल. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही सोसायटीच्या जिन्यावर संध्याकाळी डोकवा. पाच-सहा मुलं प्लॅस्टिकच्या कप्प्यांची वही उघडून बसलेली दिसतील. ‘हे दे, ते घे’ चाललेलं असतं. आपल्याला वाटतं, चित्रं जमवताहेत. आपणही नाही का काडेपेटीच्या छापा जमवत होतो? पण हा नुसता संग्रह नाही. त्यामागे चांगला विचार करून रचलेला खेळ आहे आणि माझ्या नातवामुळे मला तो शिकावा लागला.

थोडक्यात सांगतो. हा खेळ जपानमध्ये १९९६ साली निघाला आणि इंग्रजीत १९९९ साली आला. प्रत्येक खेळाडू स्वतःची ६० पानं घेऊन बसतो. म्हणजे कॅट दुकानातून जसाच्या तसा आणायचा नाही, आपला आपण बांधायचा. एकाच नावाचं पान चारपेक्षा जास्त चालत नाही. अपवाद फक्त साध्या ऊर्जेच्या पानांचा. दोघेही सहा-सहा पानं बक्षीस म्हणून पालथी बाजूला ठेवतात. समोरच्याचा प्राणी गारद केला की आपण आपल्या ढिगातलं एक बक्षीस उचलायचं. सहाही उचलली की सहसा डाव जिंकलाच.

ही चार पानांची मर्यादा वाटते तितकी किरकोळ नाही. जमवायच्या पत्त्यांवर खेळायची ही सारी कल्पना रूढ झाली ती १९९३ साली, रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने रचलेल्या ‘मॅजिक’ या खेळापासून. त्याच्या पहिल्या नियमांत अशी मर्यादाच नव्हती. कुणी जबरदस्त पान वीस वेळा विकत घेतलं, तर वीसही खेळता येत. म्हणजे ज्याच्या बापाचा खिसा मोठा, त्याचा डाव मोठा. वर्षभराच्या आतच स्पर्धांसाठी चारची मर्यादा आली. त्या खेळात आणखी एक नियम होता. डावाच्या सुरुवातीला दोघांनी एकेक पान पणाला लावायचं आणि जिंकणाऱ्यानं ते कायमचं घेऊन जायचं. आपल्या गोट्यांमधलं ‘खरं-खरं’ आठवा! जुगाराशी नातं नको म्हणून हा नियम पुढे सोडून दिला गेला. आमच्या इमारतीत पूर्वी कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांवर किंवा वेफर्सच्या पाकिटातून निघणाऱ्या चकत्यांवर मुलं खरं-खरं खेळत आणि रात्री आठ वाजता एखादी आई तणतणत कुणाच्या तरी दारात उभी असे. ज्यानं कुणी तो नियम काढला, त्याला त्या सगळ्या आयांचा दुवा लागला असणार.

आता नव्या संचाकडे वळू. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ‘मेगा इव्होल्यूशन’ नावाचा संच आला. त्यात जुन्या ओळखीचे ‘मेगा’ प्राणी परतले. ते २०१४च्या सुमारासही होते, पण तेव्हाचा नियम फार कडक. आपला प्राणी मेगा केला की आपली पाळी तिथंच संपायची, हल्लासुद्धा करता यायचा नाही. तो दंड टाळायचा तर आणखी एक खास पान जोडावं लागे. नव्या नियमात ही अडचण काढून टाकली आहे. मेगा करा आणि त्याच पाळीत हल्ला करा. मात्र तो गारद झाला, तर समोरच्यानं एक नव्हे, दोनही नव्हे, तीन बक्षिसं उचलायची. सहापैकी तीन! दोन मेगा गमावले की डाव आटोपला.

मला हा बदल आवडला. पूर्वी किंमत आधीच वसूल केली जात होती आणि त्यामुळे मुलं ते पान वहीतच ठेवत. आता पान खेळता येतं, पण हातात बॉम्ब धरल्यासारखं. माझा नातू दहा वर्षांचा आहे. मेगा टाकण्याआधी तो आता कपाळाला आठ्या घालून समोरच्याची बक्षिसं मोजतो. शाळेतली वजाबाकी त्यानं एवढ्या मनोभावे केलेली मी पाहिलेली नाही.

दुसरा बदल त्याआधीचा आहे, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा. पहिली उतारी कुणाची? आपल्याही खेळांत यावरून वाद असतात. या खेळात पहिला हात मिळणं म्हणजे फार मोठा फायदा होता. म्हणून २०१३-१४च्या सुमाराला नियम आला की, पहिल्यांदा खेळणाऱ्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येणार नाही. तेही पुरेना. मग २०२०च्या फेब्रुवारीत आणखी एक बंधन आलं. जास्तीची पानं ओढून देणारी, मदतनिसांची म्हणून जी पानं असतात, तीही पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत वापरता येईनात. परिणाम असा की नाणेफेक जिंकल्यावर आता खरोखर विचार करावा लागतो. काही कॅट आधी खेळावेत असे असतात, काही नंतर. डाव खेळण्यापूर्वीच नाण्याने जिंकला जाऊ नये, एवढ्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं ही डागडुजी करत बसलंय, याचं मला कौतुक वाटतं.

पानांचं रूपही बदललं. इंग्रजी पानांची ती प्रसिद्ध पिवळी चौकट २०२३च्या मार्चमध्ये गेली आणि करडी आली. आमच्या घरात त्या दिवशी जवळजवळ सुतक होतं. पण पिवळा-करडा हा डोळ्यांचा प्रश्न. खरी मेख आहे ती पानाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेल्या इवल्याशा अक्षरात. २०२०पासून प्रत्येक पानावर असं अक्षर येतं आणि अधिकृत स्पर्धांच्या मुख्य प्रकारात ठरावीक अक्षरांचीच पानं चालतात. २०२५च्या एप्रिलमध्ये ‘एफ’ची पानं बाद झाली, ‘जी’, ‘एच’ आणि ‘आय’ उरली. पान फाटलेलं नाही, खोटं नाही, फक्त जुनं झालं.

यावरून आमच्या इमारतीत काय घडलं ते सांगतो. आमच्या मागच्या इमारतीत सहावीतला एक मुलगा आहे. त्याला मोठ्या मावसभावाचा अख्खा डबा मिळाला, २०१४ ते २०१६च्या काळातली पानं. त्यात मेगा चॅरिझार्ड! पोरगा हरखून खाली आला आणि पाच मिनिटांत त्याला ऐकवलं गेलं, ‘तुझी पानं चालत नाहीत. अक्षरच नाहीये.’ तो डबा घेऊन वर गेला आणि आठवडाभर खाली उतरलाच नाही.

पानं बाद करण्यामागे व्यापार आहे, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. जुनं बाद झालं की नवं खपतं. पण एवढंच म्हणणं अर्धवट होईल. १९९९च्या पहिल्या इंग्रजी संचात चॅरिझार्डला १२० गुणांचा जीव होता. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या मेगा चॅरिझार्डला ३६० आहे. म्हणजे तिप्पट. ही महागाई आपल्या डाळ-तांदळासारखीच, वर जाते, खाली येत नाही. शिवाय हजारो पानं एकाच वेळी चालू ठेवली, तर त्यांतली कुठली दोन एकत्र आल्यावर काय अनर्थ करतील, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि नवशिक्यानं शिकायला सुरुवात तरी कुठून करायची? तेव्हा अधिकृत स्पर्धेपुरता हा नियम मला मान्य आहे. पण आमच्या जिन्यावर कुठली अधिकृत स्पर्धा भरली होती?

तुम्ही म्हणाल, हे परदेशी खूळ, त्याचं एवढं काय. पण नवे रंग, नवी चित्रं, नवे नियम हा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. गंजिफा घ्या. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अबुल फजलच्या ‘ऐने-अकबरी’त बारा रंगांचा, प्रत्येकी बारा पानांचा जुना खेळ वर्णन केलाय आणि अकबरानं त्यात फेरफार केल्याचंही सांगितलंय. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पानं. तोच खेळ आपल्याकडे आला, सावंतवाडीला चिताऱ्यांच्या हाती गेला, तेव्हा रंग झाले दहा – विष्णूचे दशावतार. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. पानं गोल, रंगात बारा, एकूण १२०.

यात गंमत बघा. गंजिफा तिघांचा खेळ. ९६ पानं तिघांत वाटली की ३२ येतात, १२० वाटली की ४०. रंग वाढले तरी वाटणी बिघडली नाही. मोगल खेळात दिवसा उतारी सोन्याच्या नाण्याच्या रंगाची आणि रात्री चांदीच्या नाण्याची. दशावतारीत ती दिवसा रामाची आणि रात्री कृष्णाची झाली. नियम तोच, पोशाख नवा! आणि अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा, हा डोकं फिरवणारा नियमही दोन्हीकडे कायम राहिला.

पण हे नियम होते खेळणाऱ्यांच्या तोंडी. खेळणारे कमी झाले, तसे नियमही विरले. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून गंजिफा रंगवण्याची कला पुन्हा उभी केली, म्हणून ती वाचली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पानं आज मिळतात, देखणी असतात, लोक ती चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. खेळायला बसा म्हटलं, तर तिघं जमवणं अवघड. म्हणून नियमांची छापील पुस्तिका काढणाऱ्या, शब्द न् शब्द तासून घेणाऱ्या कंपनीला मी नुसती नावं ठेवणार नाही.

त्या पुस्तिकेतूनच आमच्या मुलांना वाट सापडली. जुनं पान त्याच नावानं पुन्हा छापलं गेलं असेल, तर जुनी प्रतसुद्धा चालते, असा नियम आहे. साधी ऊर्जा तर कायमच चालते. त्या डब्यातली अशी बरीच पानं निघाली. मात्र जुन्या पानावर काय छापलंय ते बघायचं नाही, नव्या प्रतीवर जे छापलंय ते खरं. ‘रेअर कँडी’ नावाचं पान याचं उत्तम उदाहरण. पूर्वी ते प्राणी मांडल्या मांडल्या त्याच्यावर वापरता येई. २०११मध्ये नियम बदलला. आता त्याच पाळीत मांडलेल्या प्राण्यावर ते चालत नाही. हातातला कागद एक सांगतो आणि कायदा दुसरंच. वकिलांना हे नवीन नाही, पण अकरा वर्षांच्या मुलाला समजावताना माझी दमछाक झाली. ‘मग छापलं कशाला?’ हा त्याचा प्रश्न बिनतोड होता.

पालकांसाठी दोन गोष्टी. स्टेशनबाहेर सोनेरी चकाकणारी प्लॅस्टिकची पानं स्वस्तात मिळतात, ती खोटी असतात. खेळण्यासाठी मुलांनी ती आपसात वापरली, तर आभाळ कोसळत नाही; पण ती खऱ्याच्या बदल्यात कुणी लहानग्याच्या गळ्यात मारत असेल, तर मात्र लक्ष घाला. आणि मुलाला खेळायचं असेल तर बंद पाकिटांवर पैसे उधळू नका. पाकिटात काय निघेल ते नशिबावर असतं. साठ पानांचा तयार कॅट मिळतो, तो घ्या, आणि घेण्यापूर्वी कोपऱ्यातलं अक्षर पाहा.

आता आमच्या मुलांनी जिन्याच्या भिंतीवर कार्डबोर्ड लावून आपले नियम लिहिलेत. जिन्यावर सगळ्या अक्षरांची आणि बिनअक्षराचीही पानं चालतील. ‘रेअर कँडी’ नव्या नियमाने. अदलाबदल फक्त दोघांच्या घरी विचारून आणि खरं-खरं अजिबात नाही. एक मुद्दा अजून लटकलेला आहे. जुन्या मेगानं नव्या सवलती घ्यायच्या की जुनाच दंड भरायचा? डबेवाला मुलगा म्हणतो, पानावर छापलंय तसं खेळू, पाळी संपली तर संपली. पण मग माझा मेगा पडल्यावर बक्षिसं दोनच उचलायची, तीन नाही. माझा नातू याला तयार नाही. येत्या रविवारी मतदान आहे, आणि मला त्यात मत नाही असं मला कळवण्यात आलं आहे.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)