रायगड पाहावा कसा?

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



शालेय सहलींत रायगडाला मानाचे स्थान असते. सुमारे दीड हजार पायऱ्या चढून मुले वर जातात, सिंहासनाच्या जागेस वंदन करतात, समाधीवर फुले वाहतात आणि परततात. ही भक्ती योग्यच आहे. परंतु तेवढ्याने गड पाहून होत नाही.

शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी घेतली. पुढे तेथेच राजधानी वसली आणि ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. राजधानी म्हणजे केवळ तट आणि बुरूज नव्हेत. तेथे राहणाऱ्या माणसांना व जनावरांना रोज पाणी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीवर कोकणातला पाऊस मुसळधार कोसळतो आणि तितक्याच वेगाने दरीत उतरतो. तो अडविल्यावाचून तेथे एक उन्हाळा निघणेही कठीण होते. गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव ही त्या दूरदृष्टीची साक्ष होय.

जगदीश्वराच्या मंदिरापाशी एक संस्कृत शिलालेख आहे. गड उभारणारे हिरोजी इंदुलकर यांनी केलेल्या कामांची त्यात गणना आहे. तीत प्रथम येतात विहिरी आणि तलाव. राजवाड्यांचा उल्लेख त्यानंतर येतो. गावाच्या विकासाचा आराखडा करणाऱ्या पंचायत सदस्यांनी हा क्रम अवश्य ध्यानात घ्यावा.

त्याच मंदिराच्या पायरीवर आणखी एक छोटा लेख आहे. आपण सेवेत तत्पर आहोत, एवढेच सांगून हिरोजींनी आपले नाव तेथे कोरले आहे. राजधानी उभारणाऱ्याने भक्तांच्या पायाखालची पायरी स्वीकारली. आणि आज काही प्रवासी खडूने, खिळ्याने स्वतःची नावे भिंतींवर ओरखडतात! १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी व आगीने राजवाडे उद्ध्वस्त केले. त्यातून जे उरले, त्याची हानी आपल्याच हातून होऊ नये. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास कायद्याने दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि कायद्याआधी शिक्षकाचा शब्द पोहोचला पाहिजे.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून रायगड त्यांत आहे. या मानाबरोबर आपल्यावर जबाबदारीही आली आहे.

म्हणून माझी विनंती अशी : सहलीपूर्वी वर्गात गडाचा नकाशा काढून घ्यावा. वर गेल्यावर मुलांना तलाव व टाकी मोजू द्यावीत, उतारावरचे पाणी कोठे वळविले आहे ते शोधू द्यावे. नगारखान्यापाशी उच्चारलेला शब्द सिंहासनाच्या चौथऱ्यापर्यंत कसा पोहोचतो, याचा अनुभव त्यांनी स्वतः घ्यावा. परतल्यावर आपल्या गावच्या विहिरीची व तलावाची अशीच पाहणी त्यांच्याकडून करवून घ्यावी. गडावर शिकलेला धडा गावात उपयोगी पडला, तरच ती सहल सार्थकी लागली असे म्हणता येईल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!