फलटणची मराठी शिकायला आलेल्या शिक्षिका

पंढरीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणहून निघाली की बरड, नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करत वेळापूरला पोचते. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात यादवकाळातले मराठी शिलालेख आहेत आणि अशा लेखांवर शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचले. दगडावरची मराठी वाचणारे हे लोक आपल्याला ऐकून तरी माहीत असतात. पण याच वारीच्या वाटेवर, चार मुक्काम अलीकडे, माणसांच्या तोंडची मराठी शिकायला एक तरुण शिक्षिका अमेरिकेतून आली आणि तिथलीच होऊन राहिली. आजचे व्याख्यान त्यांच्याविषयी, डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्याविषयी आहे.

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इथून तिकडे जाणारा विद्यार्थी येतो. अशोक केळकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले, मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि पुण्याला परतून मराठी भाषाविज्ञानाचा पाया भक्कम केला. बर्नसनबाईंचा प्रवास उलट दिशेचा. १९६१ साली त्या भारतात आल्या आणि हैदराबादेत इंग्रजी शिकवू लागल्या. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाविज्ञानाचे शिक्षण घेताना त्यांनी संशोधनासाठी पुणे किंवा मुंबई निवडली नाही, फलटण निवडले. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, फलटणलाच राहत होत्या. या दोघींचे पुढे भाषेच्या कामात जे सूत जुळले, त्याचा लाभ मराठी शिकणाऱ्या कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांना झाला.

प्रबंधाचा विषय होता फलटणचे बोलणे. एकाच गावात जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे, वयाप्रमाणे मराठी कशी बदलते, हे त्यांनी तपासले. माळशिरस, वेळापूरकडच्या माणसाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. घरात ‘पानी’, ‘व्हतं’, ‘न्हाई’ म्हणणारे मूल शाळेच्या पहिल्याच दिवशी ‘पाणी’, ‘होतं’, ‘नाही’च्या राज्यात येते. गुरुजी चुका काढतात आणि मूल गप्प होते. भाषाविज्ञान सांगते की त्या मुलाच्या बोलण्यालाही नियम आहेत, ते बोलणे बिघडलेली मराठी नव्हे. हे पुस्तकात वाचणे सोपे असते. बर्नसनबाईंनी ते पेठांतून, ओसरीवर बसून, माणसांना बोलते करून अनुभवले. १९७३ साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

इथवरची कहाणी एखाद्या चांगल्या प्राध्यापिकेची आहे. पदवी हाती होती, अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात मराठी शिकवत त्यांना आयुष्य काढता आले असते. त्यांनी मराठी शिकवली, अमेरिकन विद्यार्थ्यांनाच शिकवली, पण मुक्काम हलवला नाही. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी १९७५च्या सुमारास परभाषकांसाठी मराठीचे व्याकरण, वाचनपाठ आणि संभाषणाचे धडे तयार केले, पुढे मराठी-इंग्रजी शब्दकोशही केला. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले.

खरे मोठे वळण मात्र त्यानंतरचे. वाचता न येणारी मुले फलटणच्या वस्त्यांमध्ये त्यांना भेटत होती. बहुतेक दलित आणि कष्टकरी घरांतली. संशोधकाने अशा मुलांची नोंद केली की त्याचे काम संपते. शिक्षकाचे काम तिथे सुरू होते. त्यांनी या मुलांना वाचायला शिकवायचे वर्ग घेतले. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि दोन वर्षांनी कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाबाईही मूळच्या अमेरिकन. भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. मुलांसाठी बर्नसनबाई मॅक्सीनमावशी झाल्या.

त्यांच्या वाचनपद्धतीचे मर्म साधे आहे. मुळाक्षरे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत पाठ होईस्तोवर मुलाला ताटकळत ठेवायचे नाही. अक्षरांचे छोटे गट करायचे. क, म, ल, र आणि एक काना एवढे आले की ‘काका’, ‘मामा’, ‘काम’, ‘मला’, ‘कमाल’ असे कितीतरी शब्द वाचता येतात. पहिल्या काही दिवसांतच मुलाला अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की ते पुढचे पान आपणहून उलटते. सोबत गोष्टी, गाणी, स्वतःचे अनुभव सांगणे आणि लिहिणे. अनुभव सांगताना मूल घरच्या मराठीत बोलले तरी त्याला अडवायचे नाही. प्रमाण भाषा त्याला शिकवायची, अगदी नीट शिकवायची, पण त्याची बोली काढून घेऊन नव्हे. हे शिकवण्याचे तंत्र भाषाविज्ञानातून आले, फलटणच्या ओसऱ्यांवर ऐकलेल्या बोलण्यातून आले, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. परदेशी विद्यापीठातल्या शिक्षणाचा इतका थेट उपयोग गावातल्या पहिलीच्या वर्गाला झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

हाच विचार परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठीही उपयोगी आहे. परदेशातली मराठी मंडळे मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा चालवतात. तिथे शिकवणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून आलेले आईवडीलच असतात. त्यांची कळकळ मोठी आहे. पण तिथेही बाराखडी आधी आणि अर्थ नंतर हाच क्रम अनेकदा चालतो. इंग्रजी वळणाने मराठी बोलणाऱ्या मुलाला हसले जाते आणि आजोळी सोलापूरकडचे ‘लई’ ऐकून आलेल्या मुलीला तो शब्द टाळायला सांगितले जाते. या शाळांच्या शिक्षकांना विनंती एवढीच: येत्या वर्षी अभ्यासक्रम ठरवायला बसाल तेव्हा फलटणचे हे काम समोर ठेवा, तिथल्या शिक्षकांशी बोला आणि मुलाला पहिल्या महिन्यातच एखादी छोटी गोष्ट स्वतः वाचू द्या. ते ज्या मराठीत बोलते, त्या मराठीतच त्याला ती गोष्ट सांगू द्या.