विजितपूरचा वेढा आणि दीड माणसाचा हिशेब

(कन्हान येथे वर्षावासानिमित्त दिलेले भाषण)



श्रीलंकेशी आपले नाते जुने आहे. थेर महिंद आणि थेरी संघमित्ता तेथे धम्म घेऊन गेले. बाबासाहेबही १९५० साली बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले होते. त्या बेटावरील एका लढाईविषयी आज बोलतो.

इ.स. पूर्व दुसऱ्या शतकात अनुराधपुरावर चोल देशातून आलेल्या एळार राजाचे ४४ वर्षे राज्य होते. दक्षिणेच्या रोहण प्रांतातील दुट्ठगामणी बेट परत घ्यायला निघाला. भाल्यात बुद्धधातू, सोबत ५०० भिक्खू, असे 'महावंस' सांगतो. विजितपूरला मात्र त्याची सेना अडली. खंदक, उंच तट आणि लोखंडी दरवाजा! कंडुल हत्तीने दरवाजाला धडक दिली, तेव्हा वरून तापलेले लोखंडी गोळे आणि उकळती राळ ओतली गेली. पाठ भाजलेला हत्ती पाण्यात जाऊन बसला. वैद्याने मलम लावले, पाठीवर म्हशीच्या कातड्याचे सात पदर बांधले. मग मात्र कंडुलने दरवाजा पाडला. पुढे अनुराधपुराच्या वेशीवर द्वंद्वात एळार पडला.

येथपर्यंत शौर्य आहे. पण विजयानंतर राजाला मेलेली माणसे आठवू लागली, सुख लागेना. तेव्हा आठ अर्हंत येऊन म्हणाले, तू दीडच माणूस मारलास. एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील घेतलेला. बाकीचे पशूसमान!

मी बँकेतला कारकून. संध्याकाळी एक रुपया जुळला नाही तरी आम्हाला उठता येत नाही. येथे तर हजारो माणसे खात्यातूनच वगळली. १९२७ पूर्वी महाडच्या तळ्यावर जनावर पाणी पीत होते, आपला माणूस नाही. मोजणीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हा हिशेब तथागतांचा असूच शकत नाही. 'महावंस' या लढाईनंतर सुमारे सहाशे वर्षांनी लिहिला गेला, हेही ध्यानात ठेवावे. १९८३ ते २००९ या काळात त्या बेटावर यादवी युद्ध झाले, तेव्हाही दुट्ठगामणीचे नाव घेतले जात होते.

तोच ग्रंथ आणखी एक गोष्ट सांगतो, ती कमी लोकांना ठाऊक असते. एळार न्यायी होता. वासराला रथाखाली चिरडणाऱ्या स्वतःच्या मुलालाही त्याने तीच शिक्षा दिली. दुट्ठगामणीने या शत्रूचा अंत्यविधी सन्मानाने केला, तेथे चैत्य उभारला आणि त्याची पूजा करण्याची आज्ञा दिली. पुढे कित्येक पिढ्या लंकेचे राजे त्या जागेजवळ आले की वाजंत्री थांबवीत.